चिमाचं सुलतानी लग्न

दीर गोड बोलायला लागला की चिमा आधी आपल्या शेताचा बांध बघून यायची. तिचा हा अंदाज सहसा चुकत नसे. महिपतने "काय गो, बरी हायस ना?" असं विचारलं की समजावं, बांध हातभर तिच्या बाजूला सरकलेला असणार. मग चिमा कुदळ घेऊन तो मुकाट्याने परत जागेवर आणायची, आणि पुढे दोन-चार महिने दीर-भावजयीचं बोलणं बंद व्हायचं. तेच तिला सुखाचं वाटायचं.

बरं, जमीन तरी काय वतनाची होती? अंजनवेलच्या गडामागचा जांभ्या दगडाचा सपाट सडा उतरून खाली आलं की कोंडवाडी लागते. वाडीच्या खालच्या अंगाला पऱ्याच्या, म्हणजे ओढ्याच्या, काठी भाताचा एक मळा, कडेला रातांब्याची थोडी झाडं आणि एक खोपटं, एवढाच तो पसारा. चिमाचा नवरा रघू मुंबईला गिरणीत होता. तापाच्या मोठ्या साथीत तो तिथेच गेला; चिमाने त्याला नीट ओळखायच्या आधीच गेला. त्याच्या वाटणीचा मळा तेवढा तिच्याकडे राहिला. पोरबाळ नाही, माहेरी कोणी उरलं नाही. मळा होता म्हणून वाडीत तिला कोणी 'ऊठ' म्हणू शकत नव्हतं. तो गेला तर महिपतच्या घरी शेणगोठा करत जन्म काढायचा, हे तिला पक्कं ठाऊक होतं. कारण महिपतच्या घरी शेणगोठा करत जन्म काढणारी एक बाई ती रोज बघत होती. ती म्हणजे तिची जाऊ, महिपतची बायको आनंदीबाई. तिच्या तोंडून लग्नानंतर कोणी ब्र ऐकला नव्हता.

ह्या महिपतला वाडीत मान होता. कशाबद्दल, ते विचारू नये. मुंबईला तो कुठल्याशा वकिलाच्या दारात शिपाई होता, आणि परत येताना छत्री, काळा कोट आणि कायदा असा ऐवज घेऊन आला. छत्री फाटली, कोट विटला, कायदा तेवढा टिकला. गावकीत कोणी काही बोललं की "कायदा तसं सांगत नाय" म्हणून तो मान हलवायचा. कायदा कसं सांगतो हे कोणालाच ठाऊक नसल्यामुळे त्याचं म्हणणं खरं ठरायचं.

त्या वर्षी माघात दाभोळच्या धक्क्याला मुंबईची आगबोट लागली आणि तिच्यातून सिनेमाची कंपनी उतरली. पेट्या, तलवारी, पुठ्ठ्याची सिंहासनं आणि तीन पायांवर उभं राहणारं एक यंत्र. खाडी ओलांडून हे सगळं गडावर आलं. डायरेक्टर होते आत्मारामपंत. गोरेपान, डोळ्यांवर सोनेरी चष्मा, आणि दर वाक्यात 'इतिहास' हा शब्द. खेळाची कथा त्यांनी वाडीला समजावून सांगितली. कोणी एक सुलतान एका राजपूत राजाच्या किल्ल्याला वेढा घालतो. रक्तपात टळावा म्हणून राजाची मुलगी सुलतानाशी लग्न करते. आणि लग्न झाल्यावर मोठी लढाई होते.

"मंग लगीन कशाला केलानी?" चिमाने विचारलं. ती कंपनीला पाणी भरायला लागली होती.

"तोच तर इतिहास आहे," आत्मारामपंत म्हणाले.

दिवसही असे होते, की मशिदीपुढे वाजवायचं की नाही यावरून मुंबईत डोकी फुटत होती. तो वारा खाडीपर्यंत आला होता. शिमग्याची पालखी मोहल्ल्यावरून वाजत जायची का मुकाट, यावरून कोंडवाडी आणि खालचा मुसलमानांचा मोहल्ला यांच्यात गेल्या सालापासून धुसफूस चालू होती. आत्मारामपंतांना आपल्या खेळातून ऐक्य साधायचं होतं. निदान ते तसं म्हणत. खरं म्हणजे त्यांना एवढंच हवं होतं, की दोन्हीकडच्यांनी तिकिटं काढावीत आणि दोन्हीकडच्यांनी तंबू जाळू नये. म्हणून खेळातलं लग्नही त्यांनी दोन्ही रीतींनी लावायचं ठरवलं. आधी भटजी, मग काजी. कोणाची तक्रार नको.

कपड्यांच्या पेट्या उघडल्या तो दिवस शुक्रवारचा. सुलतानाच्या फौजेला मखमली अंगरखे, जरीच्या टोप्या, चामड्याचे बूट आणि डिंकाने चिकटवायच्या दाढ्या होत्या. राजपुतांना मांजरपाटाचे सदरे आणि रंग उडालेली पागोटी. मोहल्ल्यातली माणसं जुम्म्याची नमाज आटोपून गडावर येतात तोवर कोंडवाडीने मखमल पळवली होती. पालखी वाजवत नेऊच म्हणून ज्यांनी देवीपुढे शपथा घेतल्या, ते झाडून सगळे सुलतानाचे शिपाई झाले. आणि वाजवू देणार नाही म्हणणारे कपाळाला गंध लावून राजपूत झाले. अयूब नाखवा, खाडीतल्या दोन मचव्यांचा मालक, उंच आणि गलमिशांचा. तो राजपुतांचा सेनापती झाला. महिपतला तर सुलतानाच्या सरदाराचा अंगरखा मिळाला आणि सगळ्यांत लांब दाढी मिळाली. हे ऐक्य बघून आत्मारामपंतांना गहिवरून आलं. ते मखमलीपायी झालंय हे त्यांना कोणी सांगितलं नाही.

लढाईआधी सुलतानाची फौज नमाज पढते असा एक प्रवेश होता. वाडीवाल्यांना कधी उभं राहायचं, कधी वाकायचं काही उमगेना. तेव्हा कपाळावर गंधाचा टिळा असलेल्या अयूबने यंत्रामागे उभं राहून त्यांना खुणा केल्या. पहिल्या रांगेत आप्पा गावकर होते, देवीच्या पालखीचे पहिले मानकरी. बाकी कोणी चुकले, पण आप्पा चुकले नाहीत. म्हाताऱ्याने कपाळ असं मनोभावे जमिनीला टेकलं, की आत्मारामपंतांनी "वाहवा" म्हटलं आणि आप्पा लाजले.

अडलं ते नवरीपाशी. राजकन्येचं काम करणारी बाई मुंबईहून आली होती खरी, पण आगबोट तिला अशी काही लागली की दाभोळला उतरली ती थेट अंथरुणात. दोन दिवसांनी परतीच्या बोटीने ती निघूनही गेली. तिचा चेहरा मुंबईत घेता येईल, आत्मारामपंत म्हणाले. लग्नात तर काय, घुंगट असतो. घुंगटाखाली उभी राहायला कोणीतरी हवी. पण अविवाहित मुलगी कोण देणार? नवऱ्याची बाई दुसऱ्यासमोर अंतरपाटाआड कशी उभी करणार? वाडीतल्या शहाण्यांनी विचार केला, आणि त्यांना चिमा आठवली. जिचं काही बिघडायचंच उरलं नाही अशी तीच एक होती.

त्याच दिवशी आणखी एक गोष्ट झाली. निकाहाच्या प्रवेशासाठी आत्मारामपंतांनी मोहल्ल्यातल्या वजीरमिया काजींना निरोप धाडला. काजी स्वतः गड चढून आले आणि नाही म्हणाले. "निकाह थट्टेत लावला तरी लागतो, साहेब. तलाक थट्टेत दिला तरी होतो. ह्यात खेळ नसतो. दुसरा कोणी दाढीवाला उभा करा, मी येणार नाही." एवढं बोलून, चहा घेऊन म्हातारा उतरून गेला. माणूस सरळ होता, आपल्या धर्माला धरून बोलला. पण ते ऐकायला शेजारी महिपत उभा होता, आणि महिपतच्या डोक्यात कायदा होता.

संध्याकाळी महिपत चिमाच्या खोपटाशी आला. "काय गो, बरी हायस ना?" तो म्हणाला. नवं लुगडं मिळेल म्हणाला, तोंड दिसायचं नाही म्हणाला, कंपनीची माणसं किती भली आहेत ते म्हणाला. चिमाने सगळं ऐकून घेतलं आणि तो गेल्यावर कुदळ घेऊन मळ्यावर गेली. बांध जागच्या जागी होता. चारी बाजूंनी फिरून तिने बघितलं. एक ढेकूळ हललेलं नव्हतं. इथेच ती फसली.

आणि खरं सांगायचं तर तिच्याही मनात होतं. तिचं लग्न झालं तेव्हा ती इतकी लहान होती, की मंगलाष्टकं चालू असताना मामाच्या खांद्यावर झोपून गेली होती. स्वतःच्या लग्नातलं तिला काहीच आठवत नव्हतं. जागं झाल्यावर भूक लागली होती एवढंच आठवत होतं. एकदा जागेपणी ते सगळं बघावं, असं तिला वाटलं. ह्यात पाप काय? मोठमोठे गावकर मखमल घालून हिंडत होते, त्यांना कोणी विचारलं नाही.

महिपतने दुसरं काम केलं ते असं, की कंपनीने भटजी म्हणून उभा केलेला जाडा नट त्याने नापास केला. "खरा भटजी हवा. इतिहास हाय," तो आत्मारामपंतांना म्हणाला. आत्मारामपंत खूश. महिपत स्वतः जाऊन गुहागराकडून एक भटजी घेऊन आला. नवरी कोण, हे भटजींनी विचारलं नाही, आणि कोणी सांगितलंही नाही. ती मुंबईची असावी असं त्यांनी धरलं.

गडावर बुरुजाच्या सावलीत मांडव पडला. चिमाला हळद लावली, हिरवा चुडा भरला, जरीचं लुगडं नेसवलं, आणि नाकाखालपर्यंत घुंगट ओढला. सनई वाजली. अंतरपाट धरला. पलीकडे सुलतान उभा होता. गिरगावातला पोट सुटलेला मनुष्य, मुंबईत बायको आणि चार मुलं असलेला. ह्या खेळात आवाज उमटायचा नव्हता, म्हणून बाकीचे खुशाल गप्पा मारत होते. कन्यादान करणारा राजपूत राजा डोळे पुसत पुसत शेजाऱ्याला विचारत होता, की इथे बांगडा ताजा कुठे मिळतो. फक्त भटजी डोळे मिटून सगळे मंत्र पुरते म्हणत होते, एकही गाळला नाही. अंतरपाटाआडून सुलतान हळूच म्हणाला, "बाई, लवकर आटपा म्हणावं, फेटा बोचतोय." नवरा-बायकोत बोलणं झालं ते एवढंच.

पण अक्षता पडल्या तेव्हा चिमाच्या अंगावर काटा आला. घुंगटाच्या आत तिने डोळे टक्क उघडे ठेवले होते. निकाहाचं पुढे दाढी लावलेल्या कंपनीच्या शिंप्याने उरकलं.

मग लढाई झाली. ती चिमाने पाण्याचा हंडा घेऊन बुरुजावर बसून बघितली. महिपत सरदाराला अयूब सेनापतीने भाला मारायचा होता. पहिल्यांदा महिपत मेला तो यंत्राकडे बघत, म्हणून पुन्हा. दुसऱ्यांदा मरताना त्याची दाढी गळून पडली. तिसऱ्यांदा तो असा काही मेला, असा तडफडला, असे पाय झाडले, की यंत्र थांबलं तरी तो मरतच राहिला. शेवटी अयूबने त्याला हात देऊन उठवला. आठवडाभर महिपत ज्याला त्याला विचारत होता, "माजा मरान बगितलास काय?" बघितलं नाही असं म्हणणाऱ्याला तो पुन्हा मरून दाखवायचा.

कंपनी निघताना लुगडं आणि दागिने घेऊन गेली. चुडा काचेचा, तो राहिला. हातातून निघत नाही, असं चिमाने आनंदीबाईला सांगितलं. निघत होता. पण भात कांडताना तो किणकिणायचा आणि चिमाला ते आवडायचं. आज काढू, उद्या काढू, असं करत तिने तो ठेवला. ते महिपतच्या नजरेला पडलं, तरी तो काही बोलला नाही. आगबोट आत्मारामपंतांना घेऊन दिसेनाशी झाली, आणि चारच दिवसांनी महिपतने गावकी बोलावली.

देवीची पालखी टेकते त्या सहाणेवर आप्पा गावकर आणि बाकीचे मानकरी बसले. बायका खाली माडांपाशी उभ्या राहिल्या. मोहल्ल्यातली माणसं गावकीत बसत नसत, पण मजा असेल तर पऱ्यापलीकडे येऊन उभी राहत. अयूब त्यांत होता. गुहागरचे भटजी एका बाजूला घोंगडीवर होते. त्यांना का बोलावलं ते चिमाला कळेना. महिपतने काळा कोट घातला, तेव्हा मात्र तिला मळ्याचा बांध आठवला.

"माजी भावजय," महिपत म्हणाला, "हिचा दुसरा लगीन झाला. देवाबामनाच्या साक्षीनं झाला, तुमी समद्यांनी अक्षता टाकलाव. आता कायदा काय सांगतो? इधवेनं दुसरा नवरा केलान, की पयल्या नवऱ्याच्या जमिनीवरचा तिचा हक्क सुटला. रघूचा मळा आता माजा."

मग कोणीतरी म्हणालं, "अरे, पन तो सिनेमा व्हता."

"मंत्र सिनेमातले व्हते काय?" महिपत भटजींकडे वळला. "सांगा भटजीबुवा."

"मंत्र मी सगळे म्हटले," भटजी म्हणाले. "खोटे मंत्र मला कोणी शिकवलेले नाहीत." आपण एका विधवेला बोहल्यावर उभं केलं, हे त्यांना सकाळीच कळलं होतं. ते घामाघूम झाले होते, आणि केव्हा एकदा घरी जातो असं त्यांना झालं होतं.

"आनि वजीरमिया काजी काय म्हनालान? थट्टेत लावला तरी लगीन लागतो. मोठा जाणता मानूस हाय तो."

बघा म्हणजे. ज्यांच्या दारावरून ढोल बडवत जाण्यासाठी हा मनुष्य डोकं फोडून घ्यायला निघाला होता, त्यांचाच काजी त्याला आता जाणता झाला. पालखीला काजी चालत नव्हता; भावजयीचा मळा गिळायला चालला. मेल्याच्या टाळूवरचं लोणी खाणारे पुष्कळ असतात, पण ते खाताना दोन्ही धर्मांची साक्ष काढणारा महिपत एकटाच.

"बगा, अजून हातात चुडा हाय," महिपत म्हणाला. "तिच्या मनात नसता तर ठेवलान असता काय? आता तिनं मुंबईला नवऱ्याकडं जावा. आमी आडवत नाय."

माणसं हसली. आप्पांनी मान खाली घालून हनुवटी खाजवली. त्यांना महिपतचं पटलं होतं असं नाही, पण कोट घातलेल्या माणसाला नाही म्हणणं त्यांना जड जाई. "कायदाच तसा असंल तर..." ते पुटपुटले.

चिमा घाबरली. बांध हातभर सरकवणारा हा मनुष्य आता अख्खा मळा उचलून नेत होता, आणि ज्यांच्यासमोर नेत होता ते हसत होते. चुडा ठेवल्याबद्दल तिला स्वतःची चीड आली. बाई, तुला तो किणकिणाट हवा होता ना, घे आता. तिने वर बघितलं. महिपतच्या हनुवटीवर तांबडंलाल पुरळ उठलं होतं. दाढीचा डिंक त्याला बाधला होता. आप्पांचंही तेच, म्हणून ते मघापासून खाजवत होते. तिसऱ्याचं तेच, चौथ्याचं तेच. सगळी गावकी सुलतानाच्या फौजेतली होती. चिमाची भीती गेली आणि तिला त्यांची किळस आली.

सहाणेपुढे बायका बोलत नसत. चिमा माडाखालून पुढे आली.

"आप्पा, मला कबूल हाय," ती म्हणाली. "लगीन खरा."

महिपतचा चेहरा उजळला. "बगा! सोता कबूल करते."

"लगीन खरा, तर भावोजी मेले ते पन खरा."

"काय?"

"त्याच गडावर, त्याच यंत्रापुडं मेले. समद्या वाडीनं बगितला. एकदा नाय, तीनदा मेले. अयूब नाखव्यानं भाला मारलान. इचारा त्याला."

सगळ्यांनी पऱ्यापलीकडे बघितलं. अयूबने गलमिशांवरून हात फिरवला. तो मोठ्या आवाजाचा माणूस. खाडीत हाक मारली तर दाभोळला ऐकू जाई.

"मारला तो मीच, आप्पा. कशाला खोटा बोलू? दोनदा नीट मेला नाय, तिसऱ्यांदा चांगला मेला. तुमी लगीन खरा ठरवताव, तर मना फासावर चडवा. माजी ना नाय. पन आदी मयताचा काय ते बगा."

पऱ्यापलीकडे हशा झाला. सहाणेवर कोणी हसलं नाही.

"मंग आप्पा," चिमा म्हणाली, "मेल्या मानसाला गावकीत बोलायचा हक्क कोनी दिलान? त्याची जमीन त्याच्या बायकोची. वैनी, तुमी हितं कशा उभ्या? सुतकात बसा जावा. कुकू पुसा."

सगळ्या बायका आनंदीबाईकडे वळल्या. तिचा हात कपाळाकडे गेला आणि अर्ध्यावरच थांबला.

"ए, जीभ आवर!" महिपत ओरडला. "आप्पा, ही काय बोलते बगा! खेळातला मरान—"

"थांबा भावोजी, तुमी मेलाव," चिमा म्हणाली. आता तिला कोणी थांबवणार नव्हतं. "आप्पा, तुमची गोस्ट ऱ्हायली. तुमी गडावर पयल्या रांगेत नमाज पडलाव. मी पानी घेऊन उभी व्हते. किती चांगली पडलाव! लगीन खरा तर नमाज पन खरी. आनि अयूब नाखव्याच्या कपाळाला गंद व्हता, तो पन खरा. मंग औंदा शिमग्याला पालकी कोनी नाचवायची? तुमी मोहल्ल्यात बसून वाजवू नका म्हना, आनि नाखवा हितं येऊन पालकी उचलील. उचलशील ना रे नाखवा?"

"सेनापती हाय मी," अयूब म्हणाला. "उचलीन की."

आता मात्र माडाखालच्या बायकाही तोंडावर पदर धरून हसू लागल्या. आप्पांचा चेहरा पांढरा पडला होता. देवीचा पहिला मान हातातून निसटतो म्हटल्यावर म्हाताऱ्याला कोटाचीही भीती उरली नाही. "खोटा!" ते ओरडले. "समदा खोटा! खेळ व्हता तो! खोटी नमाज, खोटी लढाय, खोटा लगीन!"

"असा नाय," चिमा म्हणाली. "भावोजींनी सोता सांगू दे. मेले का नाय ते."

महिपतने इकडेतिकडे बघितलं. एकही हनुवटी त्याच्या बाजूची नव्हती.

"मी मेलो नाय," तो म्हणाला.

"मोठ्यानं बोल," आप्पा म्हणाले.

"मी मेलो नाय!"

"आनि लगीन?"

"लगीन... पन खोटा."

"मंग मी कोन?" चिमाने विचारलं. उत्तरही तिनेच दिलं. "मी रघूची इधवा. पयल्यापासून इधवा हाय आनि आजपन इधवा हाय. मळा माजा. बोला, हाय ना?"

"हाय, हाय," आप्पा म्हणाले. त्यांना उठायची घाई झाली होती.

'विधवा' ह्या शब्दाने गावाने तिला आजवर हाक मारली, वाटेतून बाजूला केलं, शुभकार्यात दाराबाहेर बसवलं. आणि आज सगळ्या गावासमोर तो शब्द तिला भांडून मागून घ्यावा लागला. मग तिने दोन्ही मनगटं सहाणेच्या दगडावर आपटली. चुडा फुटला. एक काच तळहातात घुसली आणि रक्त आलं. चिमा रडली, ते मात्र हाताच्या दुखण्याने नव्हे. चुडा तिला आवडला होता, आणि तो तिनेच फोडला होता. ह्या दोन्हीचा तिला राग आला होता. गावकी तोवर पांगली. भटजी सर्वांच्या आधी दिसेनासे झाले.

दगडी पाखाडीच्या पायऱ्या उतरून चिमा मळ्याकडे निघाली, तर मागून आनंदीबाई आली. तिच्या डोक्यावर गवताचा भारा होता. दोघी बरोबरीने चालल्या. शेवटी चिमालाच राहवलं नाही.

"वैनी, रागवू नका. तुमच्या कुकवावर बोलले मी. दुसरा काय सुचला नाय."

आनंदीबाई थांबली. भारा सावरत तिने खाली मळ्याकडे बघितलं. मग तिच्या तोंडून शब्द आले, ते इतके हळू, की चिमाला जवळ सरकावं लागलं.

"आप्पा गप बसले व्हते ना, तवा मला वाटला, आता ह्येंचा मरान खरा धरतात. पडवीत त्येंची निजायची जागा हाय, तिथं खाडीचा वारा लागतो. मनात म्हटला, उद्यापासून मी तिथं निजेन." ती जरा थांबली. "आनि मंग ते वरडले, मी मेलो नाय म्हनून."

आनंदीबाईने एका हाताने पदर सारखा केला आणि ती महिपतच्या जेवणाची वेळ झाली म्हणून घराकडे वळली.